पान सात, तळाला

रात्री सव्वानऊला बातमी आली, म्हापशाच्या डेस्कवर.
'पाटी' नावाची कंपनी, मुख्यालय पर्वरी,
मासळी आता बोटाच्या टोकावर.
चारशे ऐंशी शब्द. सोबत फोटो.
पाठवणारी सानवी च्यारी, नोकरीचा चौथा महिना.

मी आधी बातमी वाचत नाही, विशेषणं मोजतो.
अकरा.
'क्रांती' चार वेळा.
आमच्याकडे क्रांतीला तारीख आहे, अठरा जून,
मडगावच्या मैदानावर तिला हार घालतात.
ही दुसरी कुठली, विचारायला हवं.

मग आकडा. मूल्यांकन तीनशे कोटी.
कोणी केलं? कंपनीनं.
कोणाला सांगितलं? सानवीला.
सानवीनं पडताळलं कोणाकडे?
फोनवर जरा वेळ शांतता, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.
'सर, कंपनीकडे.'
दारावर पाटी तरी आहे का 'पाटी'ची?
'आहे सर. पितळेची.'

तीनशे कोटी म्हणजे पेटीतले पैसे नव्हेत, मी म्हणालो,
कोणीतरी एका तुकड्याला दिलेला भाव,
त्यानं अख्ख्याला गुणायचं.
इसवणाच्या एका कापाचा दर ऐकून
समुद्राची किंमत सांगावी, तसं.
ती हसली. मलाच ते वाक्य
जरा जास्त आवडल्याचं कळलं,
आणि मी गप्प झालो.

कारण एक पान मी विसरलेलो नाही.
नोटाबंदीच्या त्या डिसेंबरात एका पोरानं लिहिलं होतं,
बाजारातली बाई उद्या चौकोनी ठिपक्यांवर पैसे घेईल.
'अतिशयोक्ती', मी समासात तांबड्यानं लिहिलं
आणि कापलं.
आज बर्फाच्या पेट्यांवर ते ठिपके आहेत,
वर चिकटलेली खवलं.
पोरगा नंतर दुबईला गेला. मी इथंच, त्याच खुर्चीत,
शंका घेण्याचा पगार घेतो.

म्हणून फोटो मोठा करून पाहिला.
बर्फ, सुंगटं, हसणारी बाई,
खाली ओळ: 'बाराशे समाधानी भागीदारांपैकी एक.'
नाव नाही.
ही तर मला ठाऊक. दर शुक्रवारी बांगडे हिच्याकडचे.
चेहरा ठाऊक, म्हणजे. नाव मीही कधी विचारलं नव्हतं.

सानवीनं नंबर मिळवला. पलीकडून झोपेतला आवाज:
'पांच दीस व्हेलीं सुंगटां.
पयशे दिले, फट कित्याक मारूं?
उपरांत कोण आयलो ना.'

साडेदहा. जाहिरातीतला प्रियोळकर दारात डोकावला.
'उद्या पाव पान आहे हां त्यांचं. माहीत असू दे.'
माहीत झालं, म्हटलं.
चारशे ऐंशीचे सत्तर केले.
क्रांती गेली, चारही.
तीनशे कोटी राहिले, शेपटीला 'असा कंपनीचा दावा'.
पाच दिवस आत आले, दिलेले पैसेही,
आणि फोनवरून ऐकलेलं तिचं नाव.
पान सात, तळाला.

सकाळी मोबाइलवर उघडलं
तर मूळची बातमी आख्खी, अकराही विशेषणांसकट,
सर्वाधिक वाचलेली.
ती वाट डेस्कवरून जात नाही.

शुक्रवारी बाजारात गेलो.
तिनं बांगडे पिशवीत टाकले, दोन वर घातले,
गोणपाटाखालून कात्रण काढलं, घडी उलगडली,
आणि ओल्या बोटानं माझ्या सत्तर शब्दांतला
एकच दाखवला.
मी लिहिलं होतं, एस्पेरान्सा.
'सा ना, बाब. इस्पेरांस.'

मी ठिपक्यांवर फोन धरला.
पैसे गेले. पेटीतून एक बाई मोठ्यानं रक्कम म्हणाली,
अगदी अचूक.

शुद्धिपत्र उद्या.
पान सात, तळाला.