चौसष्ट अंश

तेहेतीस वर्षं मी जंतू मोजले.
परळच्या लॅबमध्ये, काचेच्या बशीत,
सदतीस अंशांवर रात्रभर त्यांना ऊब द्यायची,
सकाळी वस्ती मोजून वहीत लिहायची,
आणि दुपारी ऑटोक्लेव्हमध्ये घालून
सगळ्यांना मारायचं.
पगार त्याचाच होता.

आता निवृत्त. चेंबूर, तिसरा मजला, गुडघे.
सोसायटीला पालिकेची नोटीस आली:
ओला कचरा तुमचा तुम्हीच जिरवा.
मीटिंगमध्ये सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.
तुम्ही सायन्सवाल्या ना, ढवळेबाई?

पहिला ढीग मी हरले.
पंपहाऊसच्या मागे, निळ्या पिंपात,
नुसत्या साली, शिळा भात, कलिंगडाचं पाणी.
आठव्या दिवशी असा वास सुटला
की पहिल्या मजल्यावरच्या वखारियांनी
अगरबत्तीचा पुडा माझ्या कडीला अडकवला.
बोलले काही नाहीत.

मग इंदुमती खरटमल आली.
देवनारच्या डोंगरावर भंगार वेचत वाढलेली,
आता संस्थेतर्फे इमारती-इमारतींना शिकवत फिरते.
तिने कोपरापर्यंत हात घातला, हुंगला,
म्हणाली, याला दम लागलाय, बाई.
वलं लई झालंय, हवा कुठनं जाणार?
एक घमेलं वलं तर दोन घमेली पाला.

कर्ब तीस, नत्र एक.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.
घमेल्याने ते कसं मोजतात
हे कुणी विचारलं नव्हतं.

पाला होता की! गेटपाशी बदामाचं झाड,
त्याची ताटाएवढी पानं
वॉचमन लल्लनप्रसाद रोज सकाळी जाळायचा
आणि डोळे पुसत खोकायचा.
ती आता पोत्यात येतात.
(खोकला अर्धा राहिलाय. उरलेला विडीचा.)

गुरुवारी ढवळायचं. मग मूठ आवळून बघायची:
तळवा ओला व्हावा, धार लागू नये.
बोंबलाच्या डोक्यांवरून दोन मीटिंगा झाल्या.
खोल पुरा, इंदुमती म्हणाली,
उंदराला आणि शेजाऱ्याला दिसू नये.

पाचव्या दिवशी लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला.
बावन्न. एकोणसाठ. चौसष्ट.
चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
हीटर नाही, वायर नाही,
नुसतं त्यांचं जेवण चाललेलं.
ज्यांना मी जन्मभर ऊब पुरवली
ते इथे आपली आपण करत होते,
आणि त्या ऊबेत माश्यांच्या अळ्या मरत होत्या,
टोमॅटोच्या बिया मरत होत्या,
ऑटोक्लेव्हचं कामही तेच उरकत होते.
त्या रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन
मी पुन्हा खाली गेले. झाकण उचललं. वाफ.
घरी कुणाला सांगितलं नाही.

सत्तर दिवसांनी चाळलं.
चाळणीवर राहिलं ते असं:
सफरचंदांचे एक्केचाळीस स्टिकर,
कुणाचा तरी चमचा, एक मोरणी,
आणि 'निसर्गात विरघळणारी' असं छापलेली पिशवी,
छपाईसकट शाबूत.
खाली काळंभोर, भुसभुशीत,
ओल्या रानासारखा वास असलेलं काहीतरी.
वखारिया तुळशीसाठी डबा घेऊन आले.
या वेळीही बोलले काही नाहीत.

रोजचे अकरा किलो त्या डोंगरावर चढत नाहीत आता.
डोंगराला याचा पत्ता नाही.
तो पेटला की वारा आमच्याकडे येतो
आणि सगळा मजला खिडक्या लावून घेतो.

इंदुमतीने दुधाच्या पिशवीत थोडं खत घेतलं, मिरचीच्या कुंडीला.
विचारलं, तुझ्याकडे कशाला गं? तूच तर करतेस.
हसली.
आमचं घर ढिगावरच हाय, बाई,
पण त्यो कुणी ढवळला नाय.