बारस

गाय साडेचारला आली, टेम्पोतून.
वासरासकट दोन तासांचे अकराशे.
कोलशेतच्या रामसमुझला फोन मीच केला होता;
सेक्रेटरी म्हणून हेही माझ्याकडेच:
लिफ्टची दुरुस्ती, टाकी धुणं, वसुबारस.

बी विंगच्या बायका ताटं घेऊन उभ्या,
हळदकुंकू, उडदाचे वडे,
घरी गवारीची भाजी झाकून आलेल्या.
आणि गाय उतरेना.
पुढचे दोन पाय फळीवर, मागचे टेम्पोत,
नाकपुड्या भिंतीकडे,
जिथं सोसायटी संपते आणि येऊर सुरू होतं.
"ट्रॅफिकला बुजली," कुणीतरी म्हणालं.
घोडबंदर रोडवर ट्रॅफिकला बुजायचं
तर आम्ही सगळेच टेम्पोत राहिलो असतो.

शेवटी ताटं फळीपाशी नेली.
खुरांवर पाणी घातलं, वाकून, सांभाळून.

जान्या वरठा पाइप गुंडाळत होता.
आठ वर्षं आमचा माळी, पाडा भिंतीपलीकडे, वीस मिनिटं चढून.
म्हणाला, "तिला कळलंय, आज कोणाची बारस ती."
"तिचीच की," मी.
"तुमची तिची. आमची त्याची."
नाव घेतलं नाही. दिवे लागायच्या वेळी घेत नाहीत.

मग सांगत राहिला, पाइप गुंडाळतच.
घरटी मूठभर नवा तांदूळ.
शिवेवर तीन दगडांची चूल, खीर.
एका पोराला त्याचं सोंग देतात,
बाकीची पोरं आरडत त्याला शिवेपार पिटाळतात,
आमची गुरं नको, आमची वाट नको,
आणि परत आला की पहिली खीर त्यालाच.
"हाकलायचं. पण उपाशी नाय."
कधीपासून करता, मी विचारलं.
तो हसला.
"गाय यायच्या आधीपासून."

गेल्या वर्षी भिंतीवर वारली चित्रं काढून घेतली,
स्क्वेअर फुटाला पंचाऐंशी, जीएसटी वेगळा.
तारपा आहे, फेर आहे,
दर बारा फुटांनी तोच माणूस त्याच ताडावर चढतोय.
तेव्हाही जान्या म्हणाला होता, "वाघ ऱ्हायला."
मी कोटेशन काढून पाहिलं. वाघ नव्हता.

रात्री तीन सत्तेचाळीस. कॅमेरा नंबर नऊ.
ट्रान्सफॉर्मरमागे, भिंतीवर बसलेला,
शेपूट ताडावरच्या माणसाच्या डोक्यावर सोडून.
खाली उतरला,
रांगोळीतलं गाईचं पाऊल हुंगलं,
पुसलं नाही.
आला तसा गेला.

सकाळी ग्रुपवर दोनशे चौदा मेसेज.
जाळी लावा. फटाके लावा. वनखातं.
जान्याला विचारा.
जान्याला काढा.

मी ट्रान्सफॉर्मरमागे गेलो.
भिंतीवर बोटभर शेंदूर, अजून ओला.
खाली पानावर खीर, मुंग्या लागलेली.
शेंदूर बाहेरच्या बाजूला नव्हता, आत होता,
म्हणजे शीव आता इथं आली आहे
आणि आपण कुठल्या बाजूला, ते
मला नीटसं ठरवता आलं नाही.

कमिटीनं पुसायला सांगितलं. कुणी, तर मीच.
मिनिट्समध्ये लिहिलं: भिंतीला ओल आहे,
वाळल्यावर रंगवू.
जान्याबद्दल लिहिलं: बागकाम समाधानकारक.

खजिनदार म्हणाले, गाय पूर्ण उतरली नाही,
शंभर कापा.
मी अकराशे दिले.
उभी तर राहिली ना बिचारी,
सगळं कळत असून.