हिस्टरी

उद्यमबागच्या शेडात लाल दोन-सीटर उभी,
बॉनेट उघडं,
आणि डॉक्टर हंजीबाई म्हणतात,
"भरमाणी, बंद पडूलीय बघ. काहीतरी कर."

काहीतरी!
ह्याच बाई शहापुरातल्या दवाखान्यात
पोटात दुखतंय म्हणणाऱ्याला सोडत नाहीत.
कुठं, कधीपासून, जेवणाआधी का नंतर,
दाबल्यावर का सोडल्यावर.
माझ्या आईला तर त्यांनी
तीन पिढ्यांची साखर विचारली होती.

मग मी पण स्टूल ओढलं.
स्वल्प तडीरी, बाई. बसा. हिस्टरी द्या.
थंड असताना का तापल्यावर?
चढाला का सपाटीला?
खोकत खोकत जाते, का फटकन?

आधी लाजल्या, मग बोटं मोजत सांगू लागल्या:
सकाळी स्टार्ट होते, पण जागेवर थरथरते,
दुसऱ्या रेल्वे गेटाला थांबलं की
आरशातला मागचा टेम्पो नाचायला लागतो.
हे एक.
आणि रविवारी चोर्ल्याकडं निघायचं,
पिरनवाडी सुटली, किणये सुटलं, लोणी नुसतं,
कुसमळीच्या पुलाआधी धाप लागून बंद.
वीस मिनिटं काजूच्या सावलीत बसलं
की परत चालू,
काही झालंच नाही असं तोंड करून.

दोन दुखणी एका चादरीत झोपलेली,
एवढं कळलं.

प्लग काढले.
एक आणि दोन, भाजल्या बिस्किटाचा रंग, ठणठणीत.
तीन आणि चार पांढरे,
चुन्याचं बोट फिरवल्यागत.
म्हणजे मागचा कार्बुरेटर चोरून हवा पितोय.
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं मॅनिफोल्डच्या कडेकडेनं.
दस्तगीरला म्हटलं, हातातला पाना ठेव,
श्वास पण हळू घे.
होतं तिथं. सापाच्या पिल्लागत, सूं.
बाईंनी नळी माझ्या हातातून काढूनच घेतली,
डोळे मिटले,
म्हणाल्या, "मर्मर."

गॅस्केट कापलं, बसवलं.
बॅटरीवर ठेवलेला चहाचा कप गप्प झाला.

दुसरं राहिलं.
पॉइंट घासले. कंडेन्सर बदलला.
पंप बाकावर चालवून बघितला.
कॉइल तापते काय म्हणून ओलं फडकं गुंडाळून
मी आणि बाई निघालो.
कुसमळीच्या अलीकडं पडलीच बंद.
फडकं अजून ओलं.
विचारलं, ह्याच्या आधी कधी पडते?
"नवल बघ, टाकी फुल्ल केली की.
त्या दिवशी किणयेसुद्धा गाठत नाही."

भरल्या पोटी उपाशी.
उतरलो. मागं गेलो. झाकण फिरवलं.
टाकीनं एवढा मोठा श्वास आत ओढला
की रस्त्याकडेच्या म्हशीनं मान वळवली.

झाकण हातात. चकचकीत पितळ.
जुनं दिवाळीत हरवलं,
म्हणून कुणीतरी लेथवर नवं करून दिलेलं,
आट्यांत केसाचा फरक नाही, रबर फिट्ट,
हवा जायला भोक तेवढं विसरलेलं.
आतल्या बाजूला पंचनं मारलेलं: भ.

बाई मराठी बोलतात, वाचताना अडतात.
हे एक अक्षर अडलं नाही.

मी म्हटलं, होतंय असं कधी कधी.
"आमच्यात पण," त्या म्हणाल्या,
"बोळा राहतो आत. शिवून झाल्यावर आठवतं."
आणि झाकण सैल ठेवून
गाडी स्वतःच वळवली.

शेडात एक मिलीमीटरचं ड्रिल लावलं.
मुंगी जाईल न जाईल एवढं.
बिलात गॅस्केट लिहिलं, कंडेन्सर लिहिला,
कंडेन्सर खोडला.
दस्तगीर विचारत होता,
भोकाचे किती लावायचे.