बिस्किटांच्या डब्यात किल्ली

गाडी घेतली तेव्हा डॅडनी बॅटरीचं विचारलं नाही,
एका चार्जात किती जाते तेही नाही.
वाकून तिच्याभोवती एक फेरी मारली
आणि म्हणाले, "गेनर, किल्ली घालायची कुठं?"

कुठंच नाही.
किल्ली खिशात असली की पुरे,
हँडल आपणहून बाहेर येतं.
विलनहॉलमध्ये त्रेचाळीस वर्षं कुलपं घासलेला माणूस
त्या गुळगुळीत निळ्या पत्र्याकडं बघत राहिला,
ओळखीच्या चेहऱ्याचं नाव आठवू नये तसा.

मग मीच समजावलं, मला कळलं होतं तेवढं.
किल्ली रात्रभर जागी असते, डॅड, कुणी हाक मारली की ओ देते.
दोघं येतात.
एक आपल्या दाराशी पिशवी उंच धरून उभा राहतो,
भिंतीपलीकडून तिची ओ गोळा करतो,
दुसरा ती गाडीच्या कानात ओततो.
गाडीला वाटतं, आली मालकीण.
किल्ली खोटं बोलत नाही, गाडीही नाही.
खोटं बोलतं ते मधलं अंतर.

"काच फुटते?"
नाही.
"ओरखडा तरी?"
नाही.
"वेळ किती?"
मिनिटभर. कमीच.
ते चहा ढवळत राहिले. साखर घातलीच नव्हती.

मार्चमध्ये समोरच्या पर्जेटरांची गाडी गेली.
सगळा रस्ता ओला,
आणि गाडी होती तिथं फक्त एक कोरडा चौकोन.
डॅड गुडघे धरून खाली बसले, काचेचा एखादा तुकडा शोधत.
उठले ते चिडूनच:
"हाताला काही कामच नाही. ही कसली चोरी!"

त्याच संध्याकाळी नाताळचा बिस्किटांचा डबा रिकामा झाला,
झाकणावर बर्फातून जाणारी घोडागाडी.
किल्ली आत टाकून, डबा काखेत मारून, सपाता घालूनच
ते गाडीपाशी गेले.
हँडल बाहेर आलं.
"झाकण सैल आहे," एवढंच म्हणाले,
आणि कित्येक वर्षांनी शेडमधला दिवा लागला.

तीन संध्याकाळी कानशीचा आवाज.
याच शेगड्यावर वाकून त्यांच्या वडलांना पोक आलं होतं;
गावात तेव्हा सरळ पाठीचा माणूस
पाहुणाच असायचा म्हणे.
झाकणाच्या आतून त्यांनी तांब्याची पट्टी बसवली,
केसभर घासली, लावून पाहिली, पुन्हा घासली.
तिसऱ्या रात्री हँडल हललं नाही.
त्यांनी आणखी दोनदा खात्री केली,
मग दारावर थाप मारली, घोड्याला मारतात तशी.

स्टिअरिंगला पिवळा दांडाही आणला.
हातात तोलून म्हणाले, "कटर असेल तर चार मिनिटं."
मग कशाला आणलात?
"कुलपानं चोर थांबत नाही गं, त्याला उशीर होतो.
आम्ही जन्मभर उशीरच विकला,
डझनाच्या भावानं."

आज माझी दहाची रात्रपाळी. साडेनऊ वाजून गेलेत.
भांडी घासून हात ओले, आणि डबा उघडत नाही.
नख मोडलं. चमचा वाकला.
बर्फातली घोडागाडी जागची हलत नाही.
डॅड, जरा बघता का?

ते दारात उभे, हात पाठीमागं.
पुढं येत नाहीत.
भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतायत,
ओठ हलतायत.
मोजतायत.