ऐना लावलेली केरसुणी

एडिर्नेला उतरलो तेव्हा नऊ वाजले होते.
कुंदावन्सं म्हणाल्या, आधी मशीद, मग बाजार.
चौतीस वर्षं मी बँकेत कॅशवर बसले,
मला आधी बाजारही चालला असता.

सेलिमियेचा घुमट एवढा
की वर बघता बघता डोक्यावरचा रुमाल पाठीवर आला.
पण माणसं सगळी खाली वाकलेली,
एका संगमरवरी खांबाच्या पायथ्याशी
बोटभर कोरलेलं फूल बघत होती :
ट्यूलिप, उलटं.

म्हणे इथे कुण्या म्हातारीची बाग होती.
जागा द्यायला ती तयारच होईना.
दिली शेवटी, पण अट घालून :
माझं एक तरी फूल आत दिसलं पाहिजे.
कारागिराने फूल कोरलं,
आणि उलटं कोरून तिचा हेकाही.
"अगदी आपल्या बनूआत्या," वन्सं पुटपुटल्या,
आणि त्या घुमटाखाली, पासष्टीच्या आम्ही दोघी
रुमालात तोंड खुपसून हसलो.

बाजारात साबणाची फळं.
पेर, सफरचंद, द्राक्षाचा घोस,
पीचवर लव काढलेली, देठाशी डाग सुद्धा.
वन्संनी एक उचलून दाबून पाहिलं,
जशी त्या प्रत्येक बाजारात प्रत्येक गोष्ट दाबून पाहतात.
विकणाऱ्या मुलीचं नाव निलय.
वन्संना वाटलं, लांबची का होईना, आपलीच कुणी.
साबणाला साबून, दुकानाला द्युक्कान, हिशेबाला हेसाप,
एवढ्या भांडवलावर
अर्धा तास घासाघीस झाली, आणि फेस काही आला नाही.
सहा फळं, ठरल्या भावात.
लिरा मोजताना माझा अंगठा आपोआप
ओल्या स्पंजाकडे वळला. स्पंज नव्हता.

दुपारी मी काळजाचे पातळ तळलेले काप खाल्ले,
वन्संनी दही, पाव आणि कुरकुरीत लाल मिरची.
शेजारच्या टेबलावरून पावाचा तुकडा खाली पडला.
आठ-नऊ वर्षांचा मुलगा,
त्याने तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला
आणि कुणाचा पाय पडणार नाही अशा कट्ट्यावर ठेवून
परत मोबाईलमध्ये बुडाला.
वन्संनी माझ्याकडे पाहिलं.
मिरची तिखट होती, असं म्हणू या.

मग साफेत उस्ताचं दुकान.
उस्ता म्हणजे आपला वस्ताद.
हातभर केरसुण्या, लाल-पिवळ्या दोऱ्यांनी विणलेल्या,
आणि प्रत्येकीच्या छातीवर एक गोल आरसा.
नवरीला देतात, त्याने खुणेने सांगितलं :
घर झाड, आणि स्वतःकडेही बघ.
"ऐना," तो आरशावर बोट ठेवून म्हणाला.
"ऐना," मी म्हणाले.

मागे सरकताना माझा पाय एकीला लागला.
हात खाली गेला, मग डोळ्यांना.
विचार नंतर आला, की इथे कोण बघतंय.
साफेत उस्ता बघत होता.
काही बोलला नाही. स्टूल पुढे ओढलं, चहा मागवला.
किंमत मात्र एक लिराही कमी केली नाही.

संध्याकाळची इस्तंबूलची बस.
केरसुणी पिशवीत मावेना, म्हणून मांडीवर.
आडवी, कारण उभी करायची तर
डोकं कुठलं आणि पाय कुठले
यावर आमचं एकमत होईना.
वन्संच्या डब्यातून पीचचा वास येत होता,
खऱ्या पीचला येत नाही इतका.

बाहेर मैलोन् मैल सूर्यफुलं,
पिकून जड झालेली, माना टाकलेली.
छातीवरच्या त्या गोल काचेत
ती सगळी उलट्या दिशेने पळत होती,
मधेच माझी हनुवटी, मधेच वन्संचा चष्मा.
"लग्न कुणाचं आहे म्हणून घेतलीस?"
"कुणाचंच नाही."
"मग?"

काचेवर एक बोट उमटलं होतं.
रुमालाने पुसलं.
परत उमटलं.