हानूसची फाइल

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटे पाचला मासळीचा लिलाव लागतो.
आत्ता तीन वाजून दहा.
डिस्क गेली. साधी कुरकुरही न करता गेली,
आणि मी गोदामाच्या माळ्यावर, लोकरी मोज्यांत,
जमिनीवर बसले आहे
पाठीला सर्व्हरच्या कपाटाची ऊब घेऊन.

बॅकअप होता.
शपथेवर सांगते, होता. दर रविवारी मी तो उघडून बघते.
कॉड परत आला, हॅडॉक परत आला,
अकरा वर्षांची वजनं, बोटींची नावं,
कोणी कोणाचे किती थकवले,
सगळं खवल्याखवल्यानिशी परत आलं.
डेटाबेस उठलासुद्धा,
पण मूर्च्छेतून उठलेल्या माणसासारखा:
घरातलं सगळं आठवतंय,
दार कोणाला उघडायचं तेवढं आठवत नाही.

लिलावाच्या यंत्रानं दार वाजवलं. तू कोण?
बर्फाच्या गोदामानं वाजवलं. तू कोण?
मग मी.
मलाही तेच.

कारण दाराची यादी डेटाजवळ नव्हतीच.
ती एटीसीच्या फोल्डरात, यंत्राच्या आपल्या खणात.
बॅकअपला मी सांगितलं होतं, फक्त डेटा उचल.
त्यानं ऐकलं.

हा वाद जुना आहे.
हानूस म्हणायचा, वेगळं ठेव.
डेटा म्हणजे मासा, ही फाइल म्हणजे सुरी,
सुरी माशाच्या पोटात विसरून कोणी घरी जातं का?
मी म्हणायचे, एकत्र असू दे,
घर हललं की किल्ल्या सोबत हलतात.
एक वर्ष माझं चाललं.
मोठ्या यंत्राचा अख्खा फोल्डर उचलून
मी व्हिदारेयीच्या छोट्या यंत्रावर ठेवला, अडीअडचणीला म्हणून.
फाइलही गेली सोबत, तिच्यातला मेमरीचा आकडाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
त्या बिचाऱ्यानं दुसऱ्याच्याच अंथरुणाचं माप घेतलं
आणि सुरू होण्याआधीच आडवं झालं.
हानूस काही बोलला नाही.
कॉफी ओतून दिली फक्त.
बोलला असता तर बरं झालं असतं.

आता तो कुनोयला मेंढ्या पाळतो.
मे महिना, म्हणजे रात्रभर जागाच असणार.
दुसऱ्या रिंगला फोन उचलला:
"फ्यूजच्या पेटीत बघ. दाराच्या आतल्या बाजूला."

चार पानं, छापलेली, टेपनं चिकटवलेली,
कडा चहाच्या रंगाच्या.
मी एकेक ओळ हातानं भरत गेले.
दोन पत्ते जुने होते, ते बदलले.
काही ओळींच्या आधी फुलीचं जाळं,
अशी ओळ यंत्र वाचत नाही, ओलांडून पुढे जातं.
ती माणसांसाठी असते.

# हा आकडा कमी करू नकोस. नाताळात केला होता. विचार मला.
# इथे ल्योमा बोटीचा पत्ता होता. बोट विकली, पत्ता काढला. ही ओळ राहू दे.
# सुन्वा, झोपली असशील तर उद्या कर.

मी याही भरल्या.
तिसरी भरताना जरा वेळ लागला.

चार बावन्नला खालून बेर्गुरची हाक,
"आकडे दिसायला लागले!"
आणि दोऱ्या, क्रेट, बूट, रोजचा गोंगाट.

तर कुठे ठेवावी?
खरं सांगू, एटीसीतच. हानूस बरोबर होता.
पण तिची एक प्रत अशा जागी
जिथे कोणी, कधी, का बदललं ते राहील,
आणि बॅकअपच्या यादीत तिचं नाव वेगळं, ठळक.
हे मी पाचच्या आत करून टाकलं.
नवं छापून घेतलं. पेटीत चिकटवलं.
जुनी पानं काढायला हात गेला,
आणि तशीच खाली राहू दिली.

फोन अजून चालूच होता.
"झालं का?" त्यानं विचारलं.
झालं. तुझं?
"जुळी आहेत. एक जरा अशक्त आहे.
थांब, बाटली धरतो."
मी थांबले.