चौदाचे पंधरा

बाबांनी लिएपायाच्या बंदरात एकोणतीस वर्षं क्रेन चालवली.
एका दोराला जेवढं पेलतं
त्याच्या दुप्पट दोन दोरांना:
एवढं एक गणित घेऊन ते निवृत्त झाले
आणि तेच घेऊन या नोव्हेंबरात
फडताळातल्या कॉम्प्युटरपुढे गुडघे टेकून बसले.

खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालतोय,
आई फटीत जुने मोजे कोंबतेय.
मी ड्रॉहेडाहून दहा दिवसांची रजा काढून आलेली,
माझ्या हातात टॉर्च.
"तिथे नाही, एल्विता. खाली धर. अजून खाली."

शनिवारच्या बाजारातली दोन नेटवर्क कार्डं, पाच युरोला जोडी,
एकाच्या पत्र्यावर कुठल्याशा शाळेचा नंबर.
दोन वायरी, निळी आणि राखाडी.
टोकाचे आठ-आठ धागे
बाबांनी चष्मा कपाळावर सारून ओळीने लावले,
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा...
पाढा म्हणावा तसे ओठ हलत होते.

बाबांच्या टेबलावरच्या मशीनलाही तशीच जोडी.
मग दोन्ही कार्डांना मिळून एक नाव, एक पत्ता.
बाहेरच्याला कळताच कामा नये
की आत दोघं राहतात.
"लग्न लावलंस त्यांचं," आई चुलीपाशी म्हणाली.
"आता भांडतील."

कॉपी सुरू केली:
आईच्या गायनवृंदाच्या सगळ्या कॅसेटी,
बाबांनी दोन हिवाळे खपून उतरवलेल्या.
सेकंदाला एकशे तेरा.
काल एका वायरीवर होते, तेही
एकशे तेरा.
निळीचा दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकत होता,
राखाडीचा नुसता पेटलेला,
परक्या घरी बसवून ठेवलेल्या पोरासारखा,
हात मांडीवर.

रात्री दीडला मी फोनवर शोधून वाचून दाखवलं.
एक संभाषण एकाच वायरीने जातं, बाबा.
वाटून दिलं तर मागचे शब्द पुढे पोचतील.
दुसरी वायर दुसऱ्या कुणासाठी.
बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "म्हणजे हा दोर नाही."
आई झोपेतून: "एकाच घासाला दोन तोंडं लावलीस
तर घास मोठा होतो का, इल्गवार्स?"

गुरुवारी तिने स्वतःच्या टेबलावर
त्र्याण्णव सालची मैफल लावली,
आणि दुसऱ्याच कडव्याला चित्र थिजलं.
खालच्या सुरातल्या अकरा बायका तोंड उघडून उभ्या,
डावीकडून तिसरी ती,
केसांना तेव्हाचा तो भयंकर कुरळा आकार.
"तुझं लग्न मोडलं बघ!"

बाबा फडताळात धावले. राखाडी अजूनही बसलेलीच,
दोघांचा भार निळीवर.
कोण कुठल्या वायरीने जाणार
ते पत्त्याच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं:
फडताळातला दहा, बाबांचा बारा, आईचा चौदा.
सगळे सम, सगळे एका बाजूला.
बाबा इतके हसले की खोकला लागला.
चौदाचे पंधरा केले.

राखाडी उठली.
म्हणजे दिवा, पण मी आणि बाबा
एकदमच म्हणालो, "उठली!"
पलीकडच्या खोलीत अकरा बायकांनी
अर्धं राहिलेलं अक्षर पुरं केलं.
बाबांच्या पडद्यावर एकशे तेरा, होतं तेवढंच,
आणि ते त्या आकड्याकडे
बोट जहाज धक्क्याला लागताना पाहावं तसं
पाहत राहिले.

निघायच्या आदल्या रात्री
मीही लॅपटॉप जोडला,
आईचा आवाज सोबत न्यायला.
मला सोळा मिळाला. सम.
बाबांच्या वायरीवर.
त्यांचा वेग निम्म्यावर आला, माझाही.
"सतरा करू?" त्यांनी विचारलं,
बोट की-बोर्डवर आधीच.
राहू दे, म्हटलं.
त्यांनी बोट उचललं नाही, दाबलंही नाही.
छप्पन. सत्तावन्न. छप्पन.
फटीतला मोजा वाऱ्याने खाली पडला,
उचलायला कुणीच उठलं नाही.